स्टार वॉर्सचं बंद पडलेलं हॉटेल: तुम्ही गेला असता का?

जेडाय_जोशी

मंडळी, मार्चमध्ये बहिणीकडे टँपाला जायचं जवळजवळ नक्की झालंय, म्हणजे ऑरलँडो आलंच. डिस्नेबद्दल वाचत बसलो होतो आणि जुनी खपली निघाली. स्टार वॉर्सचं हॉटेल, गॅलॅक्टिक स्टारक्रूझर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १ मार्च २०२२ ला उघडलं आणि ३० सप्टेंबर २०२३ ला शेवटची सफर संपली. आत शिरलात की तुम्ही हॅलसियन नावाच्या प्रवासी अंतराळयानावर. यानाला २७५ वर्षं झाली म्हणून जंगी सफर निघालीय, अशी कथा. दोन रात्रींचं पॅकेज, त्यात एक रात्र कमी नाही की जास्त नाही. सगळे एकाच दिवशी चढणार, एकाच दिवशी उतरणार. खोलीला खिडकी नाही, तिच्या जागी पडदा आणि पडद्यावर अवकाश. दोन दिवस नटमंडळी तुमच्या आजूबाजूला गोष्ट घडवत राहणार आणि तुम्हीही त्यात उडी मारायची. दोघांचा सुरुवातीचा दर ४,८०९ डॉलर. तेव्हाच्या भावाने साडेतीन लाखांच्या वर, विमानाचं भाडं वेगळं.

माझं मत: चाहत्यांना जे हवं होतं ते तंतोतंत बनवलं आणि चाहत्यांना परवडणार नाही अशा भावात विकलं. तरी मी गेलो असतो. घरी आकडा न सांगता.

तुम्ही गेला असता का? आणि कोणी खरंच जाऊन आलंय का?

सातारी_कंदी

तेवढ्या पैशात आमच्याकडे जमिनीचा तुकडा येतो आणि त्यावरून खरं आकाश दिसतं. फुकट.

जेडाय_जोशी

तुकड्यावर च्युबाका भेटतो का?

सातारी_कंदी

भावकी भेटते. अंगावर केस कमी, आवाज तोच.

मोरपंखी_मनी

असं काही होतं हेच आत्ता कळतंय. वाचतेय. जाऊन आलेल्यांनी सविस्तर लिहा.

अधांतरी

मी नसतो गेलो, आणि कारण पैसे नाही. काळ चुकीचा निवडला. यानावरची सगळी गोष्ट नव्या तीन सिनेमांच्या काळातली. फर्स्ट ऑर्डर ही जुलमी राजवट, खलनायक काय्लो रेन, नायिका रे. आमच्या पिढीचं प्रेम डार्थ व्हेडर, ल्यूक, हान सोलो यांच्यावर. ज्याच्या खिशात साडेतीन लाख आहेत तो साधारण पंचेचाळीस-पन्नाशीचा असणार, आणि त्याला तुम्ही अशा काळात नेताय ज्यावर तो दहा वर्षं इंटरनेटवर भांडतोय. हा धंदा कोणी ठरवला?

जेडाय_जोशी

अधांतरी, मुद्दा पटला, पण अर्धाच. २०१९ मध्ये उघडलेली गॅलॅक्सीज एज, म्हणजे डिस्नेच्या पार्कांतला स्टार वॉर्सचा भाग, कॅलिफोर्नियातली आणि फ्लोरिडातली दोन्ही, तेव्हा त्याच काळातली होती. हॉटेलमधून दुसऱ्या दिवशी तिथेच सहलीला नेत होते. गोष्ट जुळायला हवी ना.

अधांतरी

म्हणजे आधीच्या चुकीला जोडून पुढची चूक. सरकारी उड्डाणपूल असेच बांधतात.

ताळेबंद

आकड्यांत जरा शिस्त आणू.

४,८०९ डॉलर हा दोघांचा दर होता, माणशी रात्रीचे १,२०० पडतात. तीन मोठे आणि एक मूल असेल तर ५,९९९, म्हणजे माणशी रात्री ७५०. त्यात दोन्ही दिवसांचं जेवणखाण, हॉलिवूड स्टुडिओज पार्कचं तिकीट आणि सगळे कार्यक्रम धरलेले. दारू वेगळी. महाग आहेच, पण "खोलीचं भाडं रात्रीला अडीच हजार डॉलर" असं जे फिरत होतं ते अर्धवट होतं.

दुसरं. बंद करताना डिस्नेने दोन तिमाहींत मिळून साधारण २५ कोटी डॉलरचा वाढीव घसारा दाखवला. लोक त्याला "२५ कोटींचा तोटा" म्हणतात तेव्हा माझ्या पोटात दुखतं. इमारतीवरचा खर्च एरवी वर्षानुवर्षं थोडाथोडा हिशेबात चढला असता. आता ती वापरातच राहणार नाही म्हणून उरलेला सगळा एकदम चढवला. रोकड आधीच गेलेली होती.

पण याच आकड्यावरून एक अंदाज बांधता येतो. केबिन फक्त १००. सगळ्या भरल्या आणि सरासरी साडेपाच हजार धरले तर एका फेरीची जमा साडेपाच लाख. २५ कोटी भरून काढायला साडेचारशेच्या वर फेऱ्या लागतात, तेही पगार, जेवण, वीज, सगळं शून्य धरून. हॉटेल १९ महिने चाललं. दर दोन दिवसांनी एक फेरी म्हटली तरी तीनशेचा आकडा गाठत नाही. बाकी तुमचं तुम्ही समजून घ्या.

सातारी_कंदी

ताळेबंदकाका, तुमच्यासोबत अवकाशात जाण्यात मजा नाही. हायपरस्पेसचं डिझेल विचाराल.

ताळेबंद

विचारणारच. पावतीसकट.

कुंदा_अटलांटा

मी जाऊन आलेय. धागा काल रात्री दिसला, पण फोनवर एवढं लिहिणं जमेना.

आधी सांगते, मी चाहती नाही. नवरा आहे. लग्न ठरताना त्याने पत्रिका पाहिली नाही, पण मी स्टार वॉर्स कुठल्या क्रमाने पाहिलंय ते विचारलं होतं. मी म्हटलं पाहिलंच नाही. तरी लग्न झालं. मुलगा तेव्हा बारा वर्षांचा. पैसे माझ्या बोनसचे, त्यामुळे जाताना मी तोंड वाकडं करूनच गाडीत बसले होते.

बाहेरून इमारत म्हणजे काँक्रीटचा ठोकळा. गोदाम म्हणावं तशी. आत गेल्यावर एका छोट्या खोलीत घेतात, दार बंद होतं, जराशी थरथर, वरच्या पडद्यावर जमीन मागे पडते आणि यान जवळ येतं. दार उघडतं तो समोर यानाचा उंच चौक, गणवेशातले लोक स्वागताला, आणि तिथून पुढे कोणीही, अगदी कोणीही, तुम्हाला तुम्ही फ्लोरिडात आहात असं म्हणत नाही. चहा आणणारा सुद्धा. त्याला सहज विचारलं, बाहेर पाऊस आहे का? तो म्हणाला, मॅडम, बाहेर पोकळी आहे.

खोली लहान. भिंतीत कोरल्यासारखे बंक बेड, मुलगा त्यात शिरला तो बाहेर यायला तयार नाही. यान हायपरस्पेसमध्ये गेलं की खोलीतल्या पडद्यावरचे तारेही त्याच क्षणी लांबट होतात. भिंतीवरच्या पडद्यावर एक रोबो बाई, तिच्याशी बोलता येतं. आमच्या मुलाने तिला गणिताचा गृहपाठ विचारून पाहिला. तिने शिताफीने विषय बदलला.

जेवणाबद्दल विचारणार आहात हे माहीत आहे. शाकाहारी आहे म्हणून आधी कळवलं होतं, छान सोय झाली. बाकीच्यांना निळी कोळंबी. दूधही निळं. निळं काही खायचं नाही असं आपल्याकडे कोणी शिकवलेलं नसतं, तरी हात पुढे होत नाही.

उरलेलं संध्याकाळी लिहिते. खरी गंमत पुढे आहे.

मोरपंखी_मनी

"बाहेर पोकळी आहे" 😂 पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत!

टोक्योचा_तात्या

कुंदाताई येईपर्यंत अवांतर करून घेतो.

जपानमध्ये नागासाकीजवळ हुइस टेन बॉशला २०१५ मध्ये हेन-ना हॉटेल उघडलं. स्वागतकक्षात यंत्र-डायनासोर. टोपी घातलेला. तो तुम्हाला इंग्रजीत नमस्कार करून फॉर्म भरायला सांगतो. सामान न्यायला रोबो, खोलीत पलंगाशेजारी एक बाहुली, तिच्याशी बोललं की दिवे लावते, हवामान सांगते. हे खरं विज्ञानकथेतलं हॉटेल, कुणाच्या सिनेमाच्या कुबड्या न घेता.

आता गंमत. पाहुणा घोरायला लागला की त्या बाहुलीला वाटायचं आपल्याशी बोलतोय. मग ती उठवून विचारायची, "माफ करा, कळलं नाही, पुन्हा सांगाल का?" रात्रभर. २०१९ मध्ये निम्म्याहून जास्त रोबो कामावरून काढले. कारण त्यांनी जेवढं काम वाचवलं त्यापेक्षा जास्त काम माणसांसाठी वाढवून ठेवलं होतं.

सातारी_कंदी

आमच्या हिच्या नजरेत ती बाहुली आदर्श आहे. कोणी तरी जाब विचारला.

ताळेबंद

रोबोंना नोटीस पीरियड होता का?

शंकेखोर

सगळ्यांची हौस पाहतोय. माझा साधा प्रश्न. कथा अशी की तुम्ही जुलमी राजवटीविरुद्ध लढणाऱ्या बंडखोरांना मदत करायची. आणि त्यासाठी जगातल्या सगळ्यात बलाढ्य मनोरंजन कंपनीला सहा हजार डॉलर द्यायचे. बंड करायला येणाऱ्यांची बॅग उचलायला माणूस. हे कुणालाच खटकत नाही?

जेडाय_जोशी

खटकतं. पण त्या न्यायाने तुकोबांवरचा सिनेमा मल्टिप्लेक्समध्ये चारशेच्या तिकिटात पाहणाऱ्यांनी काय करावं?

शंकेखोर

चारशे आणि चार लाख यात तीन शून्यांचा फरक आहे. तुकोबांनी तो मोजला असता, वाण्याच्या दुकानातले होते.

अधांतरी

शंकेखोर +१. माज पैशाचा नाही, माज "तू पुरेसा चाहता नाहीस" असं भासवण्याचा. परवडत नाही म्हणून घरी बसलेल्यांचं प्रेम कमी होतं का? आणि गंमत बघा, शेवटी हॉटेलला वाचवायला तेच लोक लागले असते. सहा हजार देणारे जेवढे होते तेवढे पहिल्या वर्षात येऊन गेले. दुसऱ्यांदा कोण येणार?

पडद्यामागे

मी इव्हेंट आणि नाटकाच्या तांत्रिक बाजूला काम करतो, म्हणून हा धागा जिव्हाळ्याचा.

अधांतरीचा शेवटचा मुद्दा खरा आहे, पण कारण वेगळं. या प्रकारात गर्दी वाढवून नफा वाढत नाही. साध्या हॉटेलात खोल्या शंभरच्या पाचशे केल्या तरी स्वयंपाकघर, लाँड्री, रिसेप्शन पाचपट करावं लागत नाही. इथे एका नटाने दोन दिवसांत किती लोकांच्या डोळ्यांत बघून बोलायचं, त्यांची नावं, त्यांनी काल काय केलं ते लक्षात ठेवायचं, याला मर्यादा आहे. पाहुणे दुप्पट केले की नट दुप्पट. भाव कमी करायचा तर माणसं कमी करा, माणसं कमी केली की उरतं ते बिनखिडकीचं लॉज.

कल्पना करा: कप्तान, क्रूझ डायरेक्टर, गायिका, तिचा मॅनेजर, मेकॅनिक, फर्स्ट ऑर्डरचा अधिकारी. सगळे सकाळपासून रात्री उशिरापर्यंत भूमिकेत, पाळ्यांमध्ये, आणि लिखित संहिता फक्त मोठ्या प्रसंगांची. मधलं सगळं समोरच्या पाहुण्यावर. आमच्या कोकणात दशावतारात हेच चालतं. कथानक ठरलेलं, संवाद जागच्या जागी, आणि संकासुर खाली उतरून पहिल्या रांगेतल्या सरपंचाला काय बोलेल ते त्यालाही माहीत नसतं. फरक एवढाच की तिथे सरपंचाला राक्षस मारायला स्टेजवर बोलवत नाहीत. इथे बोलवत होते.

अशा गोष्टीची किंमत रात्रीच्या खोलीच्या भाड्यात मोजायला लावली, हा विक्रीवाल्यांचा गुन्हा. लोकांनी लगेच पंचतारांकित हॉटेलशी तुलना केली. पोहण्याचा तलाव नाही, व्यायामशाळा नाही, खोली केवढीशी. डिसेंबर २०२१ मध्ये टाकलेला प्रचाराचा व्हिडिओ तर लोकांनी इतका झोडपला की तो काढून टाकावा लागला. उघडण्याआधी तीन महिने! आणि दुसरीकडे व्यवसायातल्या लोकांनी, थीम असलेल्या मनोरंजनाच्या क्षेत्रात मानाचा समजला जाणारा थिया पुरस्कार याच प्रकल्पाला दिला.

ताळेबंद

म्हणजे पुरस्कारही मिळाला आणि बंदही पडलं. प्रायोगिक नाटकच की.

पडद्यामागे

काका, हे वाक्य आमच्या ग्रुपवर टाकतोय. नाव तुमचं नाही देणार.

खिडकीपाशी

मला बंद जागेची भीती वाटते. दोन दिवस खिडकीशिवाय? साडेतीन लाख मला दिले तरी नाही जाणार. कुंदाताई, गुदमरायला नाही झालं?

कुंदा_अटलांटा

खिडकीपाशी, मलाही वाटलं होतं. एक छोटं उघडं अंगण आहे, दगड आणि झाडं लावलेलं. त्याला ते क्लायमेट सिम्युलेटर म्हणतात. म्हणजे खरं आकाश, पण कथेत ते खोटं आकाश. तिथे बसून मी आईला फोन केला. आई म्हणाली, पक्षी ओरडतायत. मी म्हटलं, हो गं, फार चांगलं सिम्युलेशन आहे.

आता राहिलेलं.

फोनवरच्या अॅपमध्ये तुम्हाला यानावरच्या लोकांचे निरोप येतात. तुम्ही कुणाला हो म्हणता, कुणाला नाही, त्यावर पुढचं ठरतं. फर्स्ट ऑर्डरचं काम केलंत तर ते लोक जवळ करतात, बंडखोरांचं केलंत तर त्यांच्या गुप्त बैठका, आणि तिसरा रस्ता तस्करांचा. नवरा पहिल्या तासात बंडखोर. मी कुणाचीच नाही, मी लाउंजमध्ये. मुलाला सॅमी नावाच्या मेकॅनिकने पकडलं आणि इंजिनरूममध्ये कामाला लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारची गोष्ट. यानात च्युबाका चोरून आलाय आणि मुलांनी त्याला लपवलंय. चौकात फर्स्ट ऑर्डरचा लेफ्टनंट क्रॉय, दोन हात पाठीमागे बांधून, बुटांचा आवाज करत आमच्या मुलासमोर येऊन थांबला. खाली वाकला. "तू काही केसाळ पाहिलंस का?" माझा मुलगा, जो घरी दूध सांडलं तरी कान लाल करून कबूल करतो, त्याच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाला, "सर, माझे बाबा." क्रॉयने नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, ओठ गच्च मिटले, आणि तसाच वळून निघून गेला. खांदे मात्र हलत होते. सगळा चौक हसत होता, एकटा तोच भूमिकेत राहिला.

आणि माझी गोष्ट. डिस्नेच्या पार्कात एरवी १४ वर्षांवरच्यांना वेशभूषा करून येऊ देत नाहीत, इथे मात्र पाहुण्यांनी नटून यावं असंच होतं. लोक महिनोन् महिने शिवत होते. मी बाजारातले झगे विकत घेणार नव्हते. नऊवारी नेसले, नथ घातली, वर नवऱ्याचा एक राखाडी अंगरखा. पहिल्या रात्रीच्या जेवणाला शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, कुठल्या ग्रहावरून? नवरा पटकन म्हणाला, नाबू. मी म्हटलं, सातारा. माहेर आहे ना. पाणी वाढणारा मुलगा थांबला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "सातारा? आउटर रिमला ना? तिकडून फार कमी प्रवासी येतात." पुढचे दोन दिवस यानावर निदान पाच जणांनी मला "लेडी ऑफ सातारा" म्हणून हाक मारली.

शेवटच्या रात्री चौकात रे आणि काय्लो रेनची तलवारबाजी. मला कोण कुणाचं कोण ते आजही नीट माहीत नाही. पण आजूबाजूची चाळीस-पन्नास वर्षांची माणसं रडत होती आणि मी त्यांना हसू शकले नाही.

पैसे वसूल? नाही म्हणेन. एवढे कशानेच वसूल होत नाहीत. पुन्हा गेले असते का? वर्षभर साठवून, हो.

सातारी_कंदी

सातारा आउटर रिमला! हे प्रिंट काढून एसटी स्टँडवर लावतो. ताई, दंडवत.

मोरपंखी_मनी

"सर, माझे बाबा" 🤣🤣 ऑफिसात मोठ्याने हसले.

जुना_ट्रेकर

कुंदाताईंचं वाचून लास व्हेगास आठवलं. आमच्या पंथाचं देऊळ तिथे होतं. स्टार ट्रेक: द एक्सपिरियन्स, लास व्हेगास हिल्टनमध्ये, १९९८ ते २००८. तुम्ही साध्या राइडच्या रांगेत उभे, दार बंद होतं, दिवे जातात, वारा येतो आणि दिवे येतात तेव्हा तुम्ही एंटरप्राइझ यानाच्या ट्रान्सपोर्टर रूममध्ये. भिंती बदललेल्या, छत बदललेलं. कसं केलं ते मी तिथेच शोधत बसलो, मागची रांग ओरडली. मग ब्रिजवर, म्हणजे यान चालवतात त्या खोलीत. खरा ब्रिज हो, मालिकेतला, जस्साच्या तसा. बाहेर क्वार्क्स बार, तिथे मालिकेतला क्लिंगॉन योद्धा तुमच्या टेबलाशी येऊन तुमच्या जेवणाचा अपमान करायचा.

तासाभराचा खेळ, आणि चार जणांच्या कुटुंबाला तिकीट झेपायचं. दहा वर्षं चाललं. स्टार वॉर्सवाल्यांनी तिथून शिकायला हवं होतं: आधी दोन तासांचा प्रयोग विका, ज्याला नशा चढेल त्याला दोन रात्री विका.

अधांतरी

ट्रेकर आला म्हणजे धागा आता दोनशे प्रतिसाद जाणार.

जुना_ट्रेकर

मी शांत माणूस आहे. तुमच्या तलवारी विजेरीच्या आहेत एवढंच म्हणेन. (दिवे घ्या. नाहीतरी तुमच्याकडे आहेतच.)

पडद्यामागे

ट्रेकर, दोन तासांचा प्रयोग हा मुद्दा एकदम बरोबर. दिवसाचा पास, रात्रीचं जेवण आणि गायिका गायाचा कार्यक्रम, असं काही विकलं असतं तर निदान लोकांना आत काय आहे ते कळलं असतं. पण आत सगळा खेळ दोन दिवसांच्या घड्याळावर बेतलेला. मधेच बाहेरचे दोनशे लोक घुसवले तर आतल्यांची गोष्ट फुटते.

शंकेखोर

जाऊन न आलेल्यांनी जेनी निकल्सनचा व्हिडिओ पाहिला का? मे २०२४ चा. चार तासांचा. बाई स्वतः चाहती, स्वतःच्या पैशाने गेली होती. जेवणाच्या कार्यक्रमात तिच्यासमोर खांब, अॅपमधून तिच्या वाट्याची गोष्ट नीट पुढे सरकेचना. कुंदाताईंच्या मुलाला मेकॅनिकने पकडलं हे छान, पण ज्याला कोणी पकडलं नाही त्याने काय करायचं?

कुंदा_अटलांटा

शंकेखोर, हे मान्य. पुढे होऊन बोलणाऱ्याला सगळं मिळत होतं. लाजणारा माणूस कोपऱ्यात राहू शकतो. आमच्या शेजारच्या केबिनमधलं एक जोडपं दोन दिवस फार काही न करता हिंडत होतं, सुंदर कपडे घालून. त्यांनी पैसे आमच्याएवढेच दिलेले. मी त्यांना ओढून ब्रिजवर नेलं. ब्रिजवर गटागटाने यंत्रांसमोर उभं करतात, कुणी ढाल सांभाळायची, कुणी तोफा, कुणी माल उचलायचा. ते गृहस्थ तोफांवर इतके रमले की बायकोला सोडून पुढच्या गटात पुन्हा उभे राहायला बघत होते.

अधांतरी

म्हणजे हॉटेलला एक कुंदाताई प्रत्येक फेरीला पगारावर ठेवायला हव्या होत्या.

खवय्या_खंडाळा

आपल्याकडे असं काही निघेल का? विचारतोय कारण मागच्या मे महिन्यात लोणावळ्याच्या बाजूला एका "स्पेस थीम" रिसॉर्टला जाऊन आलो. नाव लिहीत नाही. खोलीच्या छतावर रात्री चमकणारे प्लास्टिकचे तारे, निम्मे पडलेले. बाथरूमच्या दारावर अंतराळवीराचं स्टिकर, त्याच्या हेल्मेटवर आधीच्या कुणाच्या पोराने पेनाने मिशा काढलेल्या. वेटर बिचारा चंदेरी जॅकेटमध्ये घामाघूम. त्याला विचारलं, बाबा, तू कुठल्या ग्रहाचा? तो म्हणाला, "साहेब, मी बीडचा. पण मालकांनी मंगळ सांगायला सांगितलंय."

पडद्यामागे

त्या वेटरला तालमीला पाठवा माझ्याकडे. टायमिंग आहे.

टोक्योचा_तात्या

आपल्याकडे करायचं तर सिनेमावरून कशाला? नारळीकरांच्या कथांवरून करा. पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे, माणसं आहेत, आणि प्रश्न सोडवल्याशिवाय जेवण नाही असा नियम ठेवला की स्वयंपाकघराचा खर्चही आटोक्यात.

ताळेबंद

हा धंदा चालेल.

मोरपंखी_मनी

पुण्यात? दुपारी एक ते चार यान बंद.

खिडकीपाशी

विनोद म्हणून ठीक, पण तात्यांची कल्पना मला खरंच आवडली. महागडे सेट नकोत. एका रात्रीचा मुक्काम, दुर्बीण, एक कथा आणि चार चांगले नट. खिडक्यांसकट.

जुना_ट्रेकर

खरं आकाश दाखवायचं असेल तर शहरापासून लांब जावं लागेल. मी पैसे देईन. चार लाख नाही.

शंकेखोर

मीही देईन. लिहून ठेवा, हा आयडी पहिल्यांदाच कशाला तरी हो म्हणाला.

जेडाय_जोशी

धागा कुठून कुठे गेला! सगळं वाचून माझं मत जरा सरकलंय. मी "परवडत नाही म्हणून बुडालं" म्हणत होतो. आता वाटतं, स्वस्त करणं शक्यच नव्हतं आणि महाग ठेवून एवढी माणसं मिळणं शक्य नव्हतं. बंद करणार असं मे २०२३ मध्ये जाहीर झाल्यावर उरलेल्या फेऱ्या भराभर भरल्या, तेही यातच बसतं. "नंतर कधी तरी" म्हणणारे तेव्हा धावले.

पण मूळ प्रश्नाचं व्यावहारिक रूप राहिलं. हॉटेल तर गेलं. मार्चमध्ये हॉलिवूड स्टुडिओजमध्ये एकच दिवस मिळणार आहे. त्यातल्या त्यात जवळचा अनुभव कशात?

कुंदा_अटलांटा

जेडाय_जोशी, सकाळी पार्क उघडायच्या आधी दाराशी. सरळ राइज ऑफ द रेझिस्टन्स. नुसती राइड नाही ती, तुम्हाला पकडून नेतात, कोठडीत टाकतात, फर्स्ट ऑर्डरचे अधिकारी खेकसतात. हॉटेलची चव सगळ्यात जास्त तिथेच. मग मिलेनियम फाल्कन यान चालवा. तिथे सहा जणांना एकत्र बसवतात, पायलटची जागा मिळाली तर नशीब. मुलं बरोबर असतील तर त्यांना द्या, तुम्ही मागे इंजिनिअर व्हा आणि बटणं दाबा.

ओगाज कॅन्टिना या बारचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. आत्ताच तारीख मोजून ठेवा. सावीच्या कारखान्यात स्वतःची लाइटसेबर, म्हणजे ती उजेडाची तलवार, जोडता येते. अडीचशे डॉलरच्या घरात जाते, पण जोडताना अंधार करून जो सोहळा करतात तो छोटं नाटकच आहे. परत आणताना काळजी नको. अमेरिकेतल्या विमानतळ सुरक्षावाल्यांनी खेळण्यातली लाइटसेबर केबिनमध्ये चालते असं त्यांच्या यादीत लिहून ठेवलंय, आणि खरी लाइटसेबर बनवण्याचं तंत्रज्ञान अजून नाही याबद्दल खेदही व्यक्त केलाय.

ताळेबंद

अडीचशे डॉलर. विजेरी. बरं.

जेडाय_जोशी

कुंदाताई, शतशः आभार. ६० दिवस मोजले, गजर लावला. काका, तुम्हाला कीचेन आणतो, ड्रॉइड रोबोचं.

मोरपंखी_मनी

कुंदाताई, एक राहिलंच. नऊवारी शिवलेली होती की नेसायची?

कुंदा_अटलांटा

शिवलेली. नेसायची नेसून ब्रिजवर तोफा चालवता येत नाहीत.

सातारी_कंदी

ताई, झाशीवाले ऐकतायत.